सरासरी जागेवर, बीम मात्र पसरलेला: सीबॅफच्या एनर्जी स्प्रेडचं प्रकरण

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज नावाचं शहर आहे, तिथे जेफरसन लॅब आणि त्या लॅबमध्ये सीबॅफ हा इलेक्ट्रॉन अ‍ॅक्सिलरेटर. २००४-०५ च्या सुमाराला तिथल्या हॉल ए या प्रयोगाच्या दालनात ई९४-१०७ नावाचा हायपरन्यूक्लियसचा प्रयोग झाला आणि त्या प्रयोगाची एक मागणी फार कडक होती, बीमचा एनर्जी स्प्रेड, म्हणजे बीममधल्या इलेक्ट्रॉनांच्या एनर्जीतला आपसातला फरक, लाखात अडीच भागांपर्यंतच हवा, आणि तोही एखाद्या चांगल्या शिफ्टपुरता नाही, डेटा घेणं चालू आहे तोवर सगळा वेळ. हे प्रकरण त्या अडीच भागांचं आहे. यावर सविस्तर लिहायचं कारण असं की फीडबॅक म्हटलं की मोजा, फरक काढा, दुरुस्त करा एवढंच आपल्या डोक्यात असतं, आणि इथे तसा एक साधा फीडबॅक अगदी व्यवस्थित चालू असताना खरं दुखणं झाकून टाकतो.

आधी मशीनबद्दल थोडं. समोरासमोर दोन लिनॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनला सरळ रेषेत एनर्जी देणारे भाग, एकाची दिशा दुसऱ्याच्या उलट, आणि टोकांना अर्धगोल आर्क, म्हणजे आकार रेसट्रॅकचा. एक फेरी साधारण १.३ किलोमीटरची. इलेक्ट्रॉन तेव्हा जास्तीत जास्त ५ फेऱ्या मारायचा, प्रत्येक फेरीत दोन्ही लिनॅक त्याला एनर्जी द्यायचे आणि मग तो हॉलमध्ये जाऊन टार्गेटवर आदळायचा. त्या काळात ही एनर्जी ६ जीईव्हीपर्यंत जायची (जीईव्ही म्हणजे अब्ज, एमईव्ही दहा लाख आणि केईव्ही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट). लिनॅकमधल्या कॅव्हिटी, म्हणजे ज्यांच्यातलं फील्ड एनर्जी देतं ते पोकळ डबे, निओबियमच्या, सुपरकंडक्टिंग, २ केल्विनला थंड केलेल्या, १४९७ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या, आणि मूळ डिझाइनमध्ये दर कॅव्हिटीला स्वतःचा क्लायस्ट्रॉन, म्हणजे रेडिओ लहरींची (आरएफची) पॉवर पुरवणारी नळी. बीम सलग चालू असतो, आणि त्या काळात ए, बी, सी या तीन हॉलना आळीपाळीने बंच, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे छोटे पुंजके, जायचे, म्हणजे दर तिसरा बंच एका हॉलचा, ४९९ मेगाहर्ट्झने.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, एखादा बंच या मशीनमध्ये राहतो किती वेळ तर ५ फेऱ्या धरून साधारण २२ मायक्रोसेकंद. संपला विषय, तो बंच परत भेटत नाही. आपल्या इंदूरच्या इंडस-२ सारख्या स्टोरेज रिंगमध्ये बीम तासन् तास फिरत असतो आणि सिंक्रोट्रॉन रेडिएशनमुळे त्याचा स्प्रेड आपोआप एका ठरावीक जागी येऊन बसतो. सीबॅफमध्ये ती सोय नाही. जो बंच पसरला तो पसरला, त्याला कुठलाच फीडबॅक परत गोळा करू शकत नाही, फीडबॅकने फार तर मशीन अशी सांभाळायची की मागून येणारे बंच कमी पसरतील. म्हणजे "स्प्रेड कंट्रोल" म्हणतात तो बीमवरचा कंट्रोल नाहीच, तो लिनॅकच्या फेजवरचा, म्हणजे बंच येतो तेव्हा कॅव्हिटीतलं फील्ड कुठल्या टप्प्यावर असतं त्यावरचा कंट्रोल आहे, बीम फक्त त्याची बातमी आणून देतो.

आता एवढी कडक मागणी कशासाठी? हायपरन्यूक्लियस म्हणजे ज्या न्यूक्लियसमध्ये प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जोडीला एक लॅम्डा कण बसलाय तो. लॅम्डा जास्त टिकत नाही, सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही पाव भागात फुटतो, पण तेवढ्यात तो न्यूक्लियसच्या आतल्या लेव्हलवर बसलेला असतो आणि त्या लेव्हलची एनर्जी मोजता आली तर लॅम्डा आणि न्यूक्लिऑनमधल्या फोर्सबद्दल कळतं, जे दुसऱ्या मार्गाने कळणं महाकठीण आहे. ई९४-१०७ मध्ये ३.७७ जीईव्हीचा इलेक्ट्रॉन टार्गेटमधल्या प्रोटॉनवर मारायचा, प्रोटॉनचा लॅम्डा होतो, एक के-प्लस (केऑन) कण बाहेर पडतो, तो के-प्लस एका स्पेक्ट्रोमीटरमध्ये आणि विखुरलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्यात पकडायचा. लॅम्डावाला न्यूक्लियस कुणी प्रत्यक्ष बघत नाही, आत गेलेल्या एनर्जीतून बाहेर आलेली वजा करून तो हिशोबाने काढतात. आणि आत गेलेली एनर्जी म्हणजे बीमची! ती प्रत्येक इलेक्ट्रॉनसाठी वेगळी मोजता येत नाही, सगळ्यांना एकच आकडा धरावा लागतो, म्हणून बीम जेवढा पसरलेला तेवढी ती पसरट शेवटच्या स्पेक्ट्रममध्ये जशीच्या तशी उतरते.

आकडेच बघू. ३.७७ जीईव्हीचे लाखात अडीच भाग म्हणजे ९४ केईव्ही, हा झाला सिग्मा, म्हणजे सरासरीपासूनचा सर्वसाधारण फरक, पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी काढायची तर २.३५ ने गुणा, साधारण २२० केईव्ही. हॉल ए चे दोन मोठे स्पेक्ट्रोमीटर दहा हजारात एक भाग एवढं रिझोल्यूशन देतात, म्हणजे १.५७ जीईव्हीच्या इलेक्ट्रॉनला १५७ केईव्ही आणि १.९६ जीईव्हीच्या केऑनला १९६ केईव्ही. तर बीमची २२० याच पंगतीत बसते. ही मागणी कुणी हट्टाने कडक केलेली नव्हती, स्पेक्ट्रोमीटरवर एवढी मेहनत घेतलीये तर बीमने त्यावर पाणी पाडू नये इतकंच त्यात होतं. त्याआधी पायॉन बीमवर जे हायपरन्यूक्लियस मोजले होते तिथे चांगल्यात चांगली रुंदी १.५ ते २ एमईव्हीच्या घरात होती, त्यात जवळजवळच्या लेव्हल एकमेकांत मिसळून जायच्या.

आता स्प्रेड येतो कुठून ते. कॅव्हिटीतलं फील्ड वर-खाली होतं आणि बंच बरोबर शिखरावर, म्हणजे क्रेस्टवर, आत गेला तर त्याला जास्तीत जास्त एनर्जी मिळते. क्रेस्टवर कोसाइनचा माथा सपाट असतो म्हणून बंचचं डोकं आणि शेपूट दोघांना जवळपास सारखीच एनर्जी. फील्डचं एक पूर्ण वर-खाली म्हणजे ३६० डिग्री. समजा बंचची लांबी ०.२ डिग्री सिग्मा आहे, म्हणजे पिकोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त, सीबॅफचा बंच याच मापाचा असतो. तर बरोबर क्रेस्टवर यातून येणारा स्प्रेड लाखात एक भागसुद्धा नाही. आता हाच बंच क्रेस्टपासून फक्त १ डिग्री सरकवा. तिथे माथा सपाट राहत नाही, उतार लागतो, डोक्याला जास्त शेपटीला कमी किंवा उलटं, आणि स्प्रेड थेट लाखात सहा भाग होतो. एका डिग्रीत अडीचची मर्यादा दुपटीहून जास्त मोडली. १४९७ मेगाहर्ट्झला १ डिग्री म्हणजे १.८६ पिकोसेकंद, लांबीत सांगायचं तर अर्ध्या मिलिमीटरहून जरासं जास्त. १.३ किलोमीटरच्या फेरीत अर्धा मिलिमीटर!

आता सुरुवातीला म्हटलं त्या झाकाझाकीकडे येऊ. त्याच १ डिग्रीने बीमची सरासरी एनर्जी किती घटते? लाखात १५ भाग, ३.७७ जीईव्हीवर साधारण पावणेसहाशे केईव्ही. हे मशीनला लगेच कळतं कारण आर्कमध्ये, जिथे एनर्जीप्रमाणे बीम बाजूला सरकतो, तिथे पोझिशन मॉनिटर लावलेले असतात. एनर्जी लॉक नावाचा फीडबॅक ते बघतो आणि कॅव्हिटीचा ग्रेडियंट, म्हणजे फील्डचा जोर, जरासा वाढवून सरासरी परत जागेवर आणतो. बीम हॉलमध्ये मध्यभागी पडतोय, पोझिशन ठीक, करंट ठीक, एनर्जी ठीक, कंट्रोल रूममध्ये सगळं हिरवं. आणि स्प्रेड अडीच पट. वर्गाचे सरासरी मार्क ६० च ठेवायचे म्हणून सगळ्यांना ग्रेस मार्क वाटले तरी वर्गातली पहिल्या आणि शेवटच्या मुलातली दरी काही बुजत नाही, तसंच हे, ग्रेडियंट वाढवून डोकं-शेपटीतला फरक कमी होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात धोकादायक भाग हाच आहे, कारण एनर्जी लॉक नसता तर निदान बीम सरकला असता आणि कुणाच्यातरी लक्षात आलं असतं. लॉक आहे म्हणून लक्षण दिसत नाही आणि फेज आपली तासागणिक वाहवत जाते.

म्हणून स्प्रेड वेगळा मोजावाच लागतो. मोजायची जागा म्हणजे हॉलकडे जाणारा वळणाचा आर्क, तिथे डिस्पर्शन साधारण ४ मीटर आहे, म्हणजे एनर्जीत लाखात एक भागाचा फरक असेल तर इलेक्ट्रॉन ४० मायक्रॉन बाजूला जातो. लाखात अडीच भाग म्हणजे १०० मायक्रॉन. तेव्हा प्रश्न असा उरतो की प्रयोग चालू असताना, बीमला धक्का न लावता, १०० मायक्रॉनचा ठिपका कसा मोजायचा. पूर्वी तार बीममधून फिरवून प्रोफाइल घ्यायचे, पण त्याने मोजमाप फक्त तेवढ्या क्षणाचं मिळतं आणि प्रयोगालाही थांबावं लागतं. सीबॅफने दोन उपाय वापरले. एक म्हणजे मायक्रॉनपेक्षाही पातळ पडदा बीममध्येच धरायचा आणि त्यातून निघणारा ट्रान्झिशन रेडिएशनचा उजेड कॅमेऱ्याने बघायचा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, त्यात बीमसमोर काहीच धरत नाहीत. आर्कच्या डायपोल मॅग्नेटमध्ये वळताना बीम स्वतःच सिंक्रोट्रॉन लाइट टाकतो, तो आरशांनी बाहेर आणायचा. त्याचा नुसता फोटो काढून भागत नाही कारण हा उजेड फार अरुंद कोनात निघतो आणि डिफ्रॅक्शनमुळे १०० मायक्रॉनचा ठिपका तसाही धूसर दिसतो. मग तोच उजेड दोन फटींतून पाठवायचा, पडद्यावर काळे-पांढरे पट्टे पडतात, आणि सोर्स जेवढा मोठा तेवढे ते पट्टे फिके. पट्टे किती ठळक आहेत यावरून बीमचा साइज निघतो. जपानच्या केईके लॅबमधल्या तोशियुकी मित्सुहाशींनी अ‍ॅक्सिलरेटरमध्ये ही पद्धत रुळवली, जेफरसन लॅबने ती हॉल ए च्या आर्कवर बसवली, आणि ई९४-१०७ चालू असताना स्प्रेडवर सतत नजर ठेवायला ती कामी आली. यात एक बारकावा आहे, जो साइज दिसतो त्यात एनर्जीशिवाय बीमचा आपला मूळचा जाडपणाही मिसळलेला असतो, त्यामुळे त्या जागी ऑप्टिक्स, म्हणजे बीम गोळा करणाऱ्या मॅग्नेटची मांडणी, अशी लावावी लागते की मूळ जाडी छोटी पडेल, आणि तरी निघणारा आकडा स्प्रेडची वरची मर्यादाच धरायचा. प्रयोगाच्या दृष्टीने हे बरंच आहे, मर्यादेत बसला तर निश्चिंत.

आता कुणीही म्हणेल की आकडा मिळाला ना, मग त्यावरच लूप बंद करा, स्प्रेड वाढला की फेज हलवा. इथे अडतं. स्प्रेड क्रेस्टच्या दोन्ही बाजूंना सारखाच वाढतो. फेज १ डिग्री पुढे असो की मागे, पट्टे तेवढेच फिके. म्हणजे आकडा सांगतो की काहीतरी बिघडलंय, पण कुठल्या बाजूला जायचं हे सांगत नाही, आणि लूपला दिशा नसेल तर तो निम्म्या वेळा उलटा पळणार. वर अगदी क्रेस्टजवळ आल्यावर तो आकडा जवळपास हलतच नाही, कारण तळाला वक्र सपाट आहे आणि मूळ जाडी वर बसलेली, त्यामुळे जिथे बारीक दुरुस्ती हवी तिथेच हे माप आंधळं होतं. अलार्म म्हणून उत्तम, सुकाणू म्हणून नापास.

दिशा मिळवायची युक्ती वेगळी आहे आणि ती मला फार देखणी वाटते. तिथे तिला मोमॉड म्हणतात, म्हणजे मास्टर ऑसिलेटरचं, सगळ्या कॅव्हिटींना ताल देणाऱ्या मूळ सिग्नलचं, मॉड्युलेशन. लिनॅकला जाणारी रेफरन्स फेज मुद्दाम जराशी हलवत ठेवायची, इतकी थोडी की प्रयोगाला जाणवू नये. समजा ०.०५ डिग्री, एका ठरावीक फ्रिक्वेन्सीने. बीम क्रेस्टवर असेल तर सपाट माथ्यावर थोडं इकडेतिकडे केल्याने एनर्जी बदलतच नाही, आर्कमधल्या पोझिशन मॉनिटरवर त्या फ्रिक्वेन्सीला काहीही उमटत नाही. बीम क्रेस्टवरून सरकला असेल तर तेवढ्याच हलण्याने एनर्जी वर-खाली होते. १ डिग्री सरकलेल्या बीमला ०.०५ डिग्री हलवलं तर एनर्जी लाखात दीड भाग हलते, आणि हलताना ती फेजच्या सुरात हलते की उलट सुरात, यावरून बीम क्रेस्टच्या कुठल्या बाजूला आहे ते कळतं. मिळाली दिशा! बाकीच्या गोंगाटातून फक्त तीच एक फ्रिक्वेन्सी वेचायची, म्हणजे मायक्रॉनमधलं हलणंही हाती लागतं, दोन्ही लिनॅकना वेगवेगळी फ्रिक्वेन्सी दिली तर कोण बिघडलंय तेही एकदम कळतं. मग लूप हळूहळू पूर्ण लिनॅकची फेज सरकवून तो सिग्नल शून्यावर आणतो. गंमत म्हणजे या लूपला स्प्रेड माहीतही नाही, तो फक्त उताराचा शोध घेतो, उतार गेला की स्प्रेड आपोआप जातो. क्रेस्टजवळ, जिथे पट्टे काही बोलत नाहीत, तिथेच याचं माप सगळ्यात सरळ चालतं.

पण एका नॉबने सगळं सुटत नाही, कारण बीम त्याच लिनॅकमधून अनेकदा जातो आणि लिनॅकची फेज सगळ्या फेऱ्यांना एकच. पहिल्या फेरीला क्रेस्ट बरोबर बसवला आणि दुसऱ्या फेरीचा रस्ता अर्धा मिलिमीटर लांब पडला, तर दुसऱ्या फेरीत तो १ डिग्री मागे. कारण फेरीची लांबी आरएफच्या तरंगलांबीच्या, म्हणजे २० सेंटिमीटरच्या, पूर्ण पटीत बसली पाहिजे. आणि बोगदा म्हणजे काँक्रीट, जमीन, ऋतू बदलले की किंचित फुगतो-आकसतो. त्यासाठी आर्कमध्ये डॉगलेग नावाची मॅग्नेटची छोटी वाकडी वाट ठेवलीये, तिचं फील्ड बदललं की वाट थोडी लांब किंवा आखूड होते. हे काम रोजच्या फीडबॅकचं नाही, बीम थोडा थांबवून मोजायचं आणि लावायचं. म्हणून माझ्या मते असल्या प्रयोगाच्या आधी फेऱ्यांची लांबी ताजी मोजून न घेता मोमॉडवर भिस्त ठेवणं बरोबर नाही, तो लूप सगळ्या फेऱ्यांची गोळाबेरीज नीट करेल पण पाया वाकडा असेल तर तसाच राहील.

अजून एक गोष्ट स्प्रेडच्या नावाखाली खपते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आणि पॉवर सप्लायमधून तिचा रिपल कुठे ना कुठे आरएफमध्ये आणि मॅग्नेटमध्ये झिरपतोच, ६०, १२०, १८० हर्ट्झला. त्यामुळे पूर्ण बंचची सरासरी एनर्जीच हलत राहते. एकेक बंच सडपातळ असला तरी कॅमेऱ्याने जरा जास्त वेळ उजेड गोळा केला की हे हलणंही जाडी म्हणूनच दिसतं. ई९४-१०७ च्या दृष्टीने या दोन्हींत काही फरक आहे का? अजिबात नाही, स्पेक्ट्रममध्ये दोन्ही सारखीच घाण करतात. पण उपाय वेगळे आहेत. या हलण्यावर सरासरी बघणारा फीडबॅक चालतो, फक्त तो चपळ हवा, म्हणून हॉल ए आणि हॉल सी साठी फास्ट फीडबॅक होता जो आर्कमधल्या मॉनिटरवरून बीमची जागा आणि एनर्जी वाचून लिनॅकमधल्या ठरावीक कॅव्हिटींचा ग्रेडियंट आणि छोटे करेक्टर मॅग्नेट हलवून हे हार्मोनिक दाबतो. स्प्रेडचा आकडा वाढलेला दिसला की आधी फास्ट फीडबॅक चालू आहे का ते बघायचं आणि मग मोमॉडचा सिग्नल, हा क्रम मला पटतो, कारण पहिली गोष्ट तपासायला काही क्षण लागतात आणि दुसरीला वेळ.

कॅव्हिटी तीनशेच्या वर आहेत म्हणजे प्रत्येकीची चूक भयंकर असेल असं वाटतं, पण आपापल्या वेगळ्या कारणाने हलणाऱ्या कॅव्हिटी एकमेकींना बऱ्यापैकी भागून टाकतात, तीनशे कॅव्हिटींची यादृच्छिक चूक साधारण सतरा-अठरा पट कमी होऊन उरते. घात करते ती सगळ्यांना एकाच दिशेला नेणारी चूक, म्हणजे रेफरन्स लाइन तापली, टेंपरेचर बदललं, आणि नेमकी तीच मोमॉडला सगळ्यात छान दिसते. मधेच एखादी कॅव्हिटी ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, की तिचा वाटा बाकीच्यांवर पडतो आणि लिनॅकचा एकूण क्रेस्ट थोडा सरकू शकतो, सीबॅफमध्ये ट्रिप हा रोजचाच मामला, म्हणून एकदा क्रेस्ट लावून सोडून दिला हे चालतच नाही.

निकाल काय लागला ते सांगतो. कार्बनच्या टार्गेटवर लॅम्डावाला बोरॉन-१२ दिसला आणि त्याच्या पीकची रुंदी साधारण ६७० केईव्ही आली, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. मग इटालियन गटाने बनवलेल्या वॉटरफॉल टार्गेटवर, म्हणजे पाण्याच्या वाहत्या पातळ पडद्यावर, ऑक्सिजनपासून लॅम्डावाला नायट्रोजन-१६ मिळाला, त्यात लॅम्डाची बाइंडिंग एनर्जी १३.७६ एमईव्ही निघाली, चूक ०.१६ ची. ६७० मध्ये बीमचा वाटा २२० धरला तर तो छोटाच दिसतो, कारण रुंद्यांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची (स्क्वेअरची) होते. पण उलटा हिशोब करून बघा, बाकी सगळं तसंच ठेवून स्प्रेड लाखात १० भाग केला तर तीच रुंदी १.१ एमईव्हीच्या आसपास जाते, म्हणजे पायॉन बीमवाल्यांपेक्षा मिळालेली निम्मी आघाडी गेली. आणि लाखात १० भाग व्हायला, वरच्या ०.२ डिग्रीच्या बंचला, फक्त १.६ डिग्री सरकावं लागतं, एनर्जी लॉक चालू असताना, सगळं हिरवं दिसत असताना.

२०१७ मध्ये सीबॅफचं १२ जीईव्हीचं अपग्रेड पूर्ण झालं, नवीन सात सेलच्या कॅव्हिटी आल्या, त्यांचा ग्रेडियंट जास्त आणि बँडविड्थ अरुंद, त्यामुळे इमारतीच्या थरथरीलाही त्या जास्त हळव्या, आणि त्यांच्यासाठी डिजिटल आरएफ कंट्रोल करावा लागला. पण वरच्या फेऱ्यांमध्ये आता हिशोबच वेगळा झालाय, तिथे आर्कमध्ये वळताना इलेक्ट्रॉन एवढा सिंक्रोट्रॉन लाइट टाकतो, आणि तो सुट्या फोटॉनमध्ये, कुणाचे जास्त कुणाचे कमी, की स्प्रेड तिथेच वाढतो आणि क्रेस्ट कितीही अचूक बसवला तरी त्या मजल्याच्या खाली जाता येत नाही. हायपरन्यूक्लियससारख्या कामाला मात्र कमी फेऱ्यांचा, कमी एनर्जीचा बीम पुरतो, आणि तिथे अजूनही सगळा खेळ त्या एका डिग्रीचाच आहे.